कालव्याकडच्या खोलीला जादा भाडं

इंदूरच्या मराठी माणसाला परदेशी जायला एक व्हिसा पुरतो. तिथलं हॉटेल ठरवायला मात्र कोरम लागतो. व्हिसावाले कागद बघतात, बोटांचे ठसे घेतात आणि मोकळं करतात. हॉटेलाच्या बाबतीत इतक्या सहज सुटका नाही. तिथे आत्या असते, मेहुणा असतो, मोबाइलमधून डोकं न काढता मत देणारा भाचा असतो आणि ‘आम्ही गेलो होतो तेव्हा’ इथून सुरुवात करणारे शेजारचे अण्णा असतात. अण्णा युरोपला गेले तेव्हा युरो जन्माला यायचा होता. त्यामुळे त्यांचे सगळे दर अजून गिल्डरमध्ये आहेत आणि आजचा कुठलाही आकडा ऐकला की ते ‘लुटालूट आहे’ म्हणून मोकळे होतात.

आमच्याकडे या खेपेला ठराव होता ॲमस्टरडॅमचा. पुतणी ॲमस्टेलवीनला नोकरी करते. तिचं घर म्हणजे एक खोली, एक ओटा आणि उरलेल्या जागेत सायकल. तिनं व्हिडिओ कॉलवर स्पष्टच सांगितलं, “काका, सगळे या. पण राहायला गावात हॉटेल घ्या, कालव्यावरचं. आणि जरा स्टायलिश घ्या हं, नेहमीसारखं नको.”

हा टोमणा होता. आमच्या घराण्यात हॉटेलवाल्याला चार प्रश्न विचारायची पद्धत आहे. गरम पाणी किती वाजेपर्यंत? नाश्ता भाड्यात धरलाय का? स्टेशन किती लांब? आणि जास्तीची एक गादी टाकणार का? उज्जैनपासून उटीपर्यंत या चार प्रश्नांवर आमच्या दोन पिढ्या हिंडून आल्या. स्टायलिश हॉटेलाच्या साइटवर यांतल्या एकाचंही उत्तर मिळत नाही. तिथे फोटो असतात. पहिल्या फोटोत एक खुर्ची. दुसऱ्यात त्याच खुर्चीवर पडलेलं ऊन. तिसऱ्यात एक पाठमोरी बाई, हातात कप घेऊन खिडकीतून कालव्याकडे बघत असलेली. पलंगाचा एक कोपरा तेवढा चुकून आलेला. आत्यानं सगळे फोटो चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि विचारलं, “या बाईनं सामान कुठे ठेवलंय?”

प्रश्न बिनतोड होता. स्टायलिश खोलीत कपाट नसतं. भिंतीला तीन लाकडी खुंट्या असतात. आमच्या आजोबांच्या खोलीतही तीनच होत्या. एकीवर टोपी, एकीवर कोट, एकीवर छत्री. फरक इतकाच, की आजोबांकडे दुसरा कोट नव्हता आणि आमच्याकडे माणशी तेवीस किलो सामान असणार होतं.

व्हेनिसचाही विचार झाला, पण धावता. अण्णांचा व्हेनिसला पाठिंबा होता. मग भाच्यानं माहिती वाचून दाखवली. शहर शंभरावर बेटांवर वसलेलं, चारशेच्या वर पूल, बहुतेक पुलांना पायऱ्या, गाड्यांना प्रवेश नाही, बॅग आपली आपण ओढायची. हिवाळ्याच्या सुमाराला भरती आली की चौकात पाणी. शिवाय २०२४ पासून, मुक्कामाला न राहता नुसतं दिवसभर बघायला येणाऱ्याला ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क. आत्या म्हणाली, “जिथे ऑटो दारापर्यंत येत नाही आणि नुसतं बघायचेही पैसे घेतात, तिथे माझे गुडघे नेऊ नका.” व्हेनिस बाद झालं.

ॲमस्टरडॅमचं प्रकरण मात्र अभ्यास करावा असं निघालं. १६१३ साली तिथल्या व्यापाऱ्यांनी शहराभोवती एकामागे एक कालवे खणायला घेतले. हेरेन्ग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेन्ग्राख्त ही त्यांतली तीन थोर नावं. ती नीट उच्चारायची म्हणजे घशात अडकलेला माशाचा काटा काढायचा सराव हवा. जमीन दलदलीची, म्हणून घरं लाकडी खांब ठोकून त्यांवर उभी केली. त्यांचा दाम चौकातला राजवाडा तर १३,६५९ खांबांवर उभा आहे. कालव्याकाठची जागा महाग, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला दर्शनी भाग चिमूटभर. घर मग मागे आणि वर वाढत गेलं. आत जिना इतका अरुंद, की त्यावरून सामान चढेना. म्हणून प्रत्येक घराच्या माथ्यावर बाहेर काढलेली तुळई आणि तिला आकडा. दोर टाकायचा आणि कपाट खिडकीतून आत घ्यायचं. वर चढणारं सामान भिंतीला घासू नये म्हणून बरीच घरं मुद्दाम पुढे झुकती बांधली. काही नंतर आपोआप बाजूलाही झुकली. २०१० साली युनेस्कोनं हा सगळा कालव्यांचा पट्टा जागतिक वारसा म्हणून नोंदवला, तेव्हापासून कलंडलेल्या घरालाही अदब आली.

आणि आता ही घरंच हॉटेलं झाली आहेत. एक नामांकित हॉटेल सतराव्या-अठराव्या शतकातली पंचवीस घरं जोडून केलेलं आहे. म्हणजे नाश्त्याला जायचं तर वाटेत चार कुटुंबांचे इतिहास ओलांडून जायचं.

आता मुद्दा खोलीचा. सगळीकडे दोन भाव दिसले: मागच्या बाजूची खोली स्वस्त, कालव्याकडची खोली महाग. हे वाचल्यावर आमच्या कोरममध्ये शांतता पसरली. कारण शहरातून वाहणाऱ्या पाण्याचा इंदूरलाही चांगला अनुभव आहे. आमच्याकडे कान्ह आहे, सरस्वती आहे, दोघींचं पाणी मिळतं तिथे कृष्णपुऱ्याच्या सुंदर छत्र्या आहेत. पण गावानं घरं बांधली ती नदीकडे पाठ करून. पुढचं दार रस्त्याला, मोरीचं तोंड नदीला. होता होता नदीचा नाला झाला आणि नाल्याकडची खोली भाड्यानं द्यायची तर मालक आपणहून भाडं कमी करायचा. शिवाय “डास नाहीत हो” असं न विचारता सांगायचा.

तसं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं असंही नाही. १९१८ साली पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकारानं होळकर दरबारासाठी इंदूरवर दोन खंडांचा अहवाल लिहिला. हा मोठा कल्पक गृहस्थ. प्लेगचे दिवस होते. दिवाळीची भव्य मिरवणूक ज्या रस्त्यांवर जास्त सफाई झाली असेल त्यांवरून जाईल, असं त्यानं जाहीर केलं, आणि गाव झाडू घेऊन बाहेर पडलं. इंदूरला स्वच्छतेच्या स्पर्धेत पहिलं यायची सवय २०१७ साली लागली असं लोक समजतात. बी तेव्हाचं आहे. नदीकाठ जपा, तिथे बागा करा, असंही त्यानं सुचवलं होतं. झाडूचं लगेच पटलं. नदीचं पटायला शंभर वर्षं गेली आणि नाल्यांची तोंडं बंद करायची मोहीम अलीकडे हाती घेतली. डच लोकांचंही फार सोवळं नाही म्हणा. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून दर वर्षी बारा-पंधरा हजार सायकली बाहेर काढतात. पण सायकली टाकूनसुद्धा त्यांनी घराचं तोंड पाण्याकडेच ठेवलं, आणि त्या तोंडाचे आता जादा पैसे मिळतात.

मग आम्ही खोल्यांच्या वर्णनात शिरलो. पहिलं हॉटेल: लिफ्ट नाही, वारसा वास्तू असल्यामुळे बसवता येत नाही. जिना मूळचा, उभा, कठड्याऐवजी दोर. छताच्या तुळया उघड्या. जमीन फळ्यांची आणि चालताना वाजणारी. खोली चौदा चौरस मीटर, म्हणजे दीडशे चौरस फूट. खिडकी लहान. भाड्याचा आकडा पाहून मेहुण्यानं मोबाइल सरळ धरलाय ना हे तपासलं.

आत्या मात्र थक्क होऊन ऐकत होती. “अरे, हे तर आपलं जुनं घर,” ती म्हणाली.

होतंच. कृष्णपुऱ्याच्या अलीकडे नदीला लागून आमचं आजोबांच्या वेळचं घर अजून उभं आहे. उभा जिना, कठड्याला दोर, उघड्या तुळया, वाजणाऱ्या फळ्या. रात्री उशिरा सराफ्यातून गराडू खाऊन येणारा मुलगा कितव्या पायरीवर आहे हे अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं. त्या जिन्याला कंटाळून सगळे भाऊ एकेक करत सुदामानगर, तिलकनगरला लिफ्टच्या आणि चकचकीत फरशीच्या फ्लॅटात गेले. जाताना प्रत्येकानं सुटकेचा नि:श्वास टाकला. आणि आता त्याच घराण्यातले आम्ही त्याच जिन्यावरून चढायला युरो मोजणार होतो. शैली म्हणजे काय, हे मला त्या क्षणी उमगलं: जी गैरसोय सोडून तीन रात्रींत परत जाता येतं ती शैली. जिच्यात तीस वर्षं काढावी लागतात ती नुसती गैरसोय.

हा नियम पुढे फार खरा ठरला. पुतणी हौसेनं एकाहून एक पर्याय पाठवत होती. एक होता पुलावरच्या चौकीदाराच्या कोठड्यांचा. बोटी आल्या की पूल उचलणारा माणूस जिथे बसायचा, त्या अठ्ठावीस कोठड्या शहरभर विखुरलेल्या; काम यंत्रांवर गेल्यावर प्रत्येक कोठडी एकेक खोली म्हणून हॉटेलात आली. एकात दोनच माणसं मावतात. ॲम्स्टेल नदीच्या मधोमध असलेल्या एका कोठडीत तर नावेतूनच जावं लागतं. आम्ही सातजण. म्हणजे चार पुलांवर चार तुकड्या, आणि आत्याच्या गोळ्यांची डबी कायम दुसऱ्या पुलावर. दुसरा पर्याय जुन्या गोदीतल्या क्रेनवरचा. २०१४ पासून त्या क्रेनमध्ये तीन सूट आहेत आणि वारा सुटला की क्रेन वळते. “म्हणजे झोपताना उत्तरेकडे डोकं नको म्हणून दक्षिणेकडे करावं, तर उठेपर्यंत उत्तरेकडेच,” बायको म्हणाली. तिसऱ्या पर्यायाची इमारत आधी दक्षिण अमेरिकेला जाणाऱ्या स्थलांतरितांसाठी होती, मग तुरुंग झाली, मग बालगुन्हेगारांसाठी वापरली आणि २००४ साली एका छपराखाली एक तारा ते पाच तारे अशा खोल्यांचं हॉटेल म्हणून नावाजली. ते बंद झाल्याचं कळल्यावर मेहुणा जरा हिरमुसला. एका तुरुंगात एक तारा आणि पाच तारे अशी सोय असते हे आपल्याकडच्या बातम्यांमुळे त्याला नवीन नव्हतं, पण बघायचं होतं.

अण्णांनी मग आपला हुकमी पत्ता काढला: जॉन लेनन आणि योको ओनो यांची खोली. मार्च १९६९ मध्ये हे नवपरिणीत जोडपं ॲमस्टरडॅमच्या हिल्टनमध्ये ७०२ क्रमांकाच्या खोलीत जगात शांतता नांदावी म्हणून आठवडाभर अंथरुणातच बसून राहिलं होतं आणि जगभरचे पत्रकार त्यांना भेटायला येत होते. आत्याला हे शेवटपर्यंत पटलं नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या पुढे अंथरुणात राहिलं तर घरातली शांतता कशी भंगते, याचा तिचा अनुभव अगदी उलट होता.

सगळ्यात मोठा पेच न्हाणीघराचा. स्टायलिश हॉटेलात पलंग आणि न्हाणीघर यांच्यामध्ये भिंत नसते, काच असते. का, हे कोणालाच सांगता येईना. डच लोकांना तशीही पडदे ओढायची आवड कमी. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यांच्या दिवाणखान्यातला दिवा, पुस्तकं, मांजर सगळं दिसतं आणि कोणी मुद्दाम बघत नाही. आपल्याकडे पडदा असूनही सगळे बघतात, त्यामुळे काच म्हटल्यावर आमच्या कोरमनं एकमुखानं नकार दिला. एका हॉटेलाच्या माहितीत बटण दाबल्यावर काच धूसर होते असं लिहिलं होतं. बायकोनं विचारलं, “आणि लाइट गेली तर?” इंदूरच्या वीजमंडळाच्या छायेत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न ॲमस्टरडॅमसाठीही पडतोच.

नाश्त्याचं मला सगळ्यात जास्त भय होतं. इंदूरचा माणूस सकाळी पोहे मिळाले नाहीत तर दिवसाची नोंद करत नाही. ते पोहेही वाफेवरचे, वर शेव, जिरावन, डाळिंबाचे दाणे, आणि शेजारी जिलबी. युरोपात सकाळी थंड चीज आणि त्याहून थंड हॅम. पण इथे डच लोकांनी माझं मन जिंकलं. ते सकाळी पावाला लोणी लावतात आणि त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे भुरभुरतात. लहान मुलंच नव्हे, कोट घातलेले कारकूनसुद्धा. म्हणजे समोर काहीही असो, त्यावर वरून काहीतरी बारीक कुरकुरीत घातल्याशिवाय ते खाण्यालायक होत नाही, हे तत्त्व इंदूरच्या बाहेरही कोणाला तरी कळलेलं आहे. ही जगाच्या दुसऱ्या टोकाची शेव. त्यावर रतलामी घरून न्यावी की नाही, एवढाच प्रश्न उरला.

मग बिलाचा हिशोब. ॲमस्टरडॅमला पाहुणे फार झालेत. तिथल्या नगरपालिकेनं २०२४ साली ठरवलं, की जुनं हॉटेल बंद झाल्याशिवाय नवं उघडायचं नाही. त्याच वर्षी पर्यटक कर साडेबारा टक्क्यांवर नेला. त्यावर २०२६ पासून मुक्कामावरचा मूल्यवर्धित कर नऊवरून एकवीस टक्के. म्हणजे भाड्याच्या डोक्यावर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा कर चढून बसतो. मेहुणा करसल्लागार आहे. तो आदरानं गप्प झाला.

गप्प होण्याचं कारण मला ठाऊक आहे. इंदूरमध्ये शैली आणि कर यांची गाठ त्याच्या ऑफिसच्या कामात रोज पडते. या शहरातलं, कदाचित देशातलंही, सगळ्यात स्टायलिश घर म्हणजे माणिकबाग. तरुण यशवंतराव होळकरांनी १९३० च्या सुमाराला एकार्ट मुथेसिउस नावाच्या तितक्याच तरुण जर्मन वास्तुकाराला ते सोपवलं, आणि १९३३ पर्यंत इंदुरात असा राजवाडा उभा राहिला की ज्यात ना घुमट, ना झुंबरांची जत्रा. सरळ रेषा, पोलाद, काच, वातानुकूलन. आयलीन ग्रे आणि ल कॉर्बुझिए यांच्या खुर्च्या, रुलमानचं टेबल. ब्रांकुशीचे पक्षी घेतले, त्यांच्यासाठी मंदिर बांधायचं ठरलं. ते झालं नाही. आज ॲमस्टरडॅमचं कुठलंही हॉटेल ज्या खुर्चीचा फोटो टाकून भाडं वाढवतं, तिची थोरली बहीण नव्वद वर्षांपूर्वी इंदुरात होती. पुढे १९८० साली मोनॅकोत लिलाव झाला आणि सामान जगभर गेलं. आणि ती वास्तू? तिथे आता केंद्रीय अबकारी आणि जीएसटीचं कार्यालय आहे. जिथे एके काळी पॅरिसच्या गालिच्यावर पाय पडायचा, तिथे मेहुणा फायली घेऊन नंबर येईपर्यंत बसतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे खुर्च्या आता सोयीच्या आहेत.

उलट गणितही आहे. लालबाग राजवाड्याचं स्वयंपाकघर कान्हच्या पलीकडच्या काठावर आणि ताटं भुयारातून इकडे येत. ही सोय आज कुठल्या हॉटेलानं केली तर नुसत्या भुयाराचे वेगळे पैसे लावील. महेश्वरला नर्मदेवर रिचर्ड होळकरांनी २००० साली किल्ल्यातलं घराण्याचं घर पाहुण्यांसाठी उघडलं. इंदुराहून दोन-अडीच तासांचा रस्ता. तिथे राहायला युरोपातून लोक येतात आणि अरुंद दगडी पायऱ्या, जाड भिंती आणि नदीकडच्या खोल्या बघून सुखावतात. आम्ही महेश्वरला जातो, घाटावर भुट्टे खातो आणि संध्याकाळी परत. आमच्या मते तिथे ‘राहण्यासारखं’ काही नाही.

शेवटी मतदान झालं. तडजोड अशी निघाली: दोन रात्री कालव्यावरच्या झुकलेल्या घरात, फोटोंसाठी, बाकीच्या रात्री स्टेशनाजवळच्या चौकोनी, भिंतवाल्या न्हाणीघराच्या, लिफ्टच्या हॉटेलात, झोपण्यासाठी. अण्णांचा लेखी विरोध नोंदवला. पुतणीनं हताश होऊन अंगठा पाठवला.

आता फक्त पैशाचा प्रश्न होता. त्यालाही उत्तर तयार होतं. कृष्णपुऱ्याच्या त्या घरासाठी बिल्डर कधीचा मागे लागला आहे. पाडून टाकायचं, पाच मजले उठवायचे, लिफ्ट आणि पार्किंग. विसाराचा आकडा ॲमस्टरडॅमला पुरून उरला असता. मेहुण्यानं कागद पुढे सरकवले. आत्याची सही पहिली हवी होती.

आत्यानं कागद चष्म्याच्या डबीखाली दाबून ठेवले. “काही विकायचं नाही,” ती म्हणाली. “उभा जिना आहे, तुळया आहेत, फळ्या वाजतात. कपाट नाही, खुंट्या आहेत. लिफ्ट बसवताच येणार नाही. अजून काय पाहिजे? सकाळी पोह्यांवर चॉकलेट मागितलं तर तेही घाला.” आणि मग मेहुण्याकडे वळून, व्यवहाराच्या सुरात: “नाल्याकडच्या खोलीला दीडपट लाव. आणि जीएसटी वेगळा.”